पेन्सिल खाणाऱ्या मुलीला कॅल्शियम नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत एका आईने विचारले होते की, सात वर्षांची मुलगी पाटीवरच्या पेन्सिली चावून खाते, काय करावे? 'कॅल्शियम कमी असेल, गोळ्या सुरू करा' असे उत्तर छापून आले. हा समज घरोघरी आहे आणि तो नेमका उलटा पडतो. पेन्सिल, खडू, माती, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ, बर्फ यांपैकी कशाचीही तलफ महिनाभर टिकली, तर पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर घ्यायचा. कॅल्शियमची गोळी तर लोहाचे शोषण अडवते!

दीड-दोन वर्षांचे मूल सगळेच तोंडात घालते, ते सोडा. मोठ्यांमध्ये बर्फाची तलफ सहसा नजरेतून सुटते. मे महिन्यात नागपुरात गोळा कोण खात नाही? पण डिसेंबरच्या थंडीत फ्रीजमधला ट्रे काढून बर्फ कडाकडा चावणाऱ्या बाईचे रक्त तपासायलाच हवे. गरोदर असली की 'डोहाळे' म्हणून विषय संपतो, ते तर अधिकच वाईट. आयुर्वेदात माती खाण्याने होणारा पांडुरोग वेगळा सांगितला आहे. तिथे माती हे कारण आणि रक्तक्षय परिणाम. आज आपण बहुतेकदा उलट क्रम मानतो. पण मातीही लोह बांधून ठेवते, त्यामुळे हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. शिवाय मातीतून जंतांची अंडी आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांतून शिसे पोटात जाते, ते निराळेच.

नुसते हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. बाईचे 12 च्या खाली, गरोदर असल्यास 11 च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात. पण अंगातला लोहाचा साठा त्याच्या कितीतरी आधी आटतो आणि तलफ तेव्हाही लागू शकते. म्हणून सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करावी. मोठ्या माणसात ते 15 च्या खाली असेल तर कमतरता नक्की, 30 च्या खाली असेल तर बहुधा. अंगात ताप किंवा संसर्ग असताना हा आकडा फसवा वाढतो.

विदर्भात आणखी एक पायरी गाळू नये, ती सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. साधी सोल्युबिलिटी चाचणी करावी, पॉझिटिव्ह आल्यास एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी. सिकलसेलमुळे वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच जास्त साचलेले असते. त्याला 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या देणे घातक. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाच्या सौम्य प्रकारातही लोहाच्या कमतरतेसारख्या तांबड्या पेशी लहानच दिसतात, तेव्हा कमी एमसीव्हीवरून (पेशींच्या सरासरी आकारावरून) घाईने निष्कर्ष नको.

उपचार स्वस्त आहे, घेण्याची पद्धत चुकते. फेरस सल्फेटच्या 200 मिलिग्रॅम गोळीत प्रत्यक्ष लोह साधारण 65 मिलिग्रॅम. मोठ्यांना एका वेळी एवढे पुरते. एक डोस गेला की यकृतातून हेप्सिडिन हे लोहाचे शोषण आवरणारे संप्रेरक वाढते आणि सुमारे चोवीस तास आतड्याचे दार अर्धे लावून घेते. दिवसाला तीन गोळ्या घेऊन मळमळ तेवढी वाढते. म्हणून अनेकांना एक दिवसाआड गोळी देतात. गरोदर बाईने मात्र दिलेली रोजची गोळी स्वतःहून कमी करू नये. मुलांचा डोस वजनावर ठरतो, किलोमागे दिवसाला साधारण 3 मिलिग्रॅम लोह. गोळी रिकाम्या पोटी, अर्धे लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यावी. संत्र्याचा मोसम असेल तर संत्रे. तर्री-पोह्यावरचा चहा, दूध, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची गोळी तिच्यापासून दोन तास लांब ठेवावी. शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण बरेच जण तिथेच गोळी सोडतात.

तलफ अनेकदा आठ-पंधरा दिवसांतच जाते. इथेच दुसऱ्यांदा गोळी सुटते. हिमोग्लोबिन महिन्यात एक-दोन ग्रॅमने वाढते, आणि ते नॉर्मलला आल्यावरही साठा भरायला तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. महिन्याने एक ग्रॅमही वाढ नसेल तर गोळी पोटात जात नाही, रक्तस्राव चालू आहे, शोषण बिघडले आहे किंवा निदान चुकले आहे.

लोह गेले कुठे, हेही शोधावे. बायकांत पाळीचा अतिस्राव. शेतात अनवाणी चालणाऱ्यांत हूकवर्म, म्हणजे आतड्यात रक्त शोषणारे जंत. मुलांत दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध, ज्याने जेवणच मागे पडते. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बाईत मात्र गोळी देऊन स्वस्थ बसू नये. पोट व मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी लागते, कारण कर्करोगाचा संथ रक्तस्राव असाच उघडकीस येतो.

त्या आईसाठी पुढच्या पुरवणीत, त्याच जागी, दुरुस्ती छापावी: कॅल्शियम थांबवा, मुलीची सीबीसी, फेरिटिन व सिकलसेल तपासणी करा, तिला रागावू नका. आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर डबा कुलपात ठेवा. त्या लाल, गुळगुळीत, पेपरमिंटसारख्या दिसतात आणि लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो.

आपला,
एक रक्तविकारतज्ज्ञ, धंतोली, नागपूर