समन्वयकाचं काम घेऊ की नको? शालेय शिक्षण मंत्र्यांना एका विशेष शिक्षिकेचं खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. गेली 14 वर्षं एकाच तालुक्यात शाळाशाळांतून फिरून दिव्यांग मुलांना शिकवते. मागच्या आठवड्यात मला गटसाधन केंद्रात, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात, बोलावून घेतलं आणि विचारलं, तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घेण्याच्या, समन्वयाचं काम तुम्ही घ्याल का? सोमवारपर्यंत लेखी होकार किंवा नकार द्यायचा आहे. घरात दोन तट पडलेत. यजमान म्हणतात, अजिबात घेऊ नकोस, तब्येतीची वाट लागेल. मुलगी म्हणते, आई, तू नाही घेतलंस तर ज्याला यातलं काही कळत नाही अशा माणसाच्या गळ्यात ते पडेल. दोघांचंही खरं आहे.

हा माझा घरचा प्रश्न मी आपल्यापुढे का मांडते आहे? कारण माझं उत्तर ज्या गोष्टींवर ठरणार आहे, त्यांतली एकही माझ्या किंवा आमच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांच्या हातात नाही. त्या मंत्रालयातच ठरतात.

आधी ज्या ताई हे काम बघत होत्या त्यांनी ते प्रकृतीमुळे सोडलं. त्याच मला म्हणाल्या, "हो-नाही नंतर कर, आधी कपाट बघून घे." म्हणून शनिवारी दुपारी आम्ही दोघी बसलो. लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात श्रवणयंत्रांची खोकी होती. यंत्रं चांगली, सेल कधीच संपलेले. मधल्या कप्प्यात ब्रेलची पुस्तकं होती. जिच्यासाठी मागवली ती मुलगी पुढच्या इयत्तेत गेल्यावर ती येऊन पोचली. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब वही. ताईंनी स्वतःच्या पैशानं आणलेली, कुठल्याही तपासणीत न दाखवलेली.

त्या वहीत प्रत्येक मुलाला एक पान आहे. एका पानावर पेन्सिलीनं लिहिलंय: "ओढ्याला पाणी आलं की येत नाही. वडील आणतात, आईला एकटीला उचलत नाही. डावा हात चांगला. उत्तर येतं, पण थांबावं लागतं." दुसऱ्या पानावर: "मधल्या सुट्टीत गोंगाट वाढला की कान झाकून घेते. तेव्हा व्हरांड्यात बसू द्यावं, पण एकटी सोडू नये. गुरुजींना सांगितलं. पुन्हा सांगणे." आणि त्या 'पुन्हा सांगणे'च्या खाली चार तारखा.

साहेब, समन्वय म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी त्या चार तारखा दाखवीन. यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहिती-नोंदीत, त्या मुलीची नोंद आहे, दिव्यांगत्वाचा प्रकार नीट भरलेला आहे. व्हरांड्याची नोंद तिथे नाही, आणि ती तिथे असावी असा माझा आग्रहही नाही. ती कुणाच्या तरी डोक्यात असावी लागते, आणि त्या माणसाला एकाच गुरुजींकडे चार-चार वेळा जायला सवड असावी लागते. मी ताईंना विचारलं, अशी सवड मिळायची का? त्यांनी मोबाइल पुढे केला. ग्रुपवर सकाळी साडेदहाचा निरोप: सोबतच्या नमुन्यात माहिती दुपारी 2 पर्यंत सादर करावी. दुसऱ्या दिवशी तीच माहिती, नमुना वेगळा. तिसऱ्या दिवशी बैठक. चौथ्या दिवशी साहित्य वाटपाचे फोटो. शाळाभेटी राहायच्या त्या शनिवारी, तेही सकाळच्या शाळेत, दहा-अकरापर्यंत जेवढ्या होतील तेवढ्या.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. रात्री साडेनऊला एका आईचा फोन आला. मुलगा दुसरीत, स्वमग्न. ती रडत नव्हती, अगदी हळू बोलत होती. "मॅडम, सर म्हणतात काही दिवस आणू नका." मुलगा वर्गातून उठून थेट फाटकाबाहेर पळायचा, आणि पुढे रस्ता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेले, जाताना मनात मुख्याध्यापकांबद्दल रागच होता. तिथे पोचले तर द्विशिक्षकी शाळा, दुसऱ्या बाई प्रशिक्षणाला गेलेल्या, आणि हे गृहस्थ एकटेच चार वर्ग सांभाळत होते. ते मला म्हणाले, "त्याच्या मागे धावलो तर बाकीची पस्तीस कोण बघेल? आणि त्याला गाडी लागली तर?" त्यांच्या आवाजात भीती होती. मूल नको असं त्यांना वाटत नव्हतं.

मी सलग तीन सकाळी त्या शाळेत गेले. त्याची जागा दारापासून काढून भिंतीशी केली. बाकावर चार चित्रांची पट्टी चिकटवली: वही, खडे, झोका, घर. झोका येणार आहे हे त्याला दिसायला लागलं, तसं तो थोडा थोडा थांबायला लागला. ग्रामपंचायतीकडून फाटकाला उंचावर कडी बसवून घेतली. चौथीतल्या दोन मुलींनी आपणहून त्याला मधल्या सुट्टीत बरोबर घ्यायला सुरुवात केली. आता तो शाळेत असतो. रोज नाही, पण बहुतेक दिवस असतो, आणि पट्टीवरच्या झोक्याच्या चित्राला बोट लावून माझ्याकडे बघतो.

मी त्या मुख्याध्यापकांना कायदा ऐकवू शकले असते. मुलाला शाळा नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यापासून स्पष्ट आहे, आणि 2012 च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलांबद्दल शंकेला जागाच ठेवलेली नाही. पण कायदा ऐकवून फाटकाला कडी बसली नसती. तीन सकाळी लागल्या. त्या मला देता आल्या, कारण माझं फिरतीचं वेळापत्रक अजून माझ्या हातात आहे. समन्वयक झाल्यावर पहिल्याच सकाळी साडेदहाचा निरोप येईल.

यातलं कष्टाचं मला भय नाही. ज्या कामाचा ताण येतो असं सगळे म्हणतात, त्यातलं बरंचसं मला आवडतं. मुलीचा दिव्यांगत्वाचा दाखला काढायला नको म्हणणाऱ्या आईजवळ बसायला लागतं. "कागदावर आलं की उद्या हिच्या लग्नाचं काय," असं ती विचारते, आणि त्याला एका बैठकीत उत्तर नसतं. तिसरीतला मुलगा अक्षरं उलटी काढतो, त्याला आळशी म्हणून मार बसलेला असतो. अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या वर्षापासून होते, हे पालकांना माहीत नसतं आणि पुष्कळदा शाळेलाही नसतं. तिथून तपासणी, दाखला, पुढे दहावीला मिळणारा जादा वेळ आणि लेखनिक, ही सगळी साखळी कुणीतरी हातात धरून ठेवावी लागते. एक कडी सुटली तर मूल नववीत गळतं आणि कारणाच्या रकान्यात 'अभ्यासात रस नाही' असं लिहिलं जातं. हे धरून ठेवण्याचं काम मोठं आहे, ते करताना दमले तर मला वाईट वाटणार नाही.

भीती वेगळीच आहे. समन्वयक नेमला गेला की बाकी सगळ्यांच्या मनात ते मूल समन्वयकाचं होतं. वर्गशिक्षक म्हणतात, मॅडमना कळवलंय. मुख्याध्यापक म्हणतात, अहवाल पाठवलाय. रुग्णालयात शिबिराच्या दिवशी डॉक्टर आले नाहीत, मजुरी बुडवून आलेले पालक उन्हात ताटकळले, तर फोन समन्वयकाला. चाकाची खुर्ची आली पण दोन मापं मोठी निघाली, मुलाचे पाय लोंबकळताहेत आणि पायाखाली विटा रचल्यात, तर तक्रार समन्वयकाकडे. पण डॉक्टरांना बोलावण्याचा, खुर्ची बदलून घेण्याचा, मुख्याध्यापकांना लेखी काही सांगण्याचा अधिकार समन्वयकाला नाही. तो फक्त विनंती करू शकतो आणि विनंतीची पोच ठेवू शकतो. सहा वर्षं अशा पोचपावत्या जमवून ताईंचा रक्तदाब वाढला. त्या कामचुकार असत्या तर तो वाढला नसता.

दुसरी भीती त्याहून मोठी आहे. माझ्या यादीत आज 27 मुलं आहेत, 11 शाळांत विखुरलेली. त्यांतल्या तिघांचं शिक्षण घरीच चालतं, कारण ती उठून बसूही शकत नाहीत. माझ्या तालुक्यात हे समन्वयाचं काम अतिरिक्त कार्यभार म्हणून देतात, म्हणजे कागदावर ती 27 मुलं माझीच राहतील आणि प्रत्यक्षात त्यांच्याकडे कुणीच जाणार नाही. घरी शिकणाऱ्या त्या तिघांपैकी एकीला मी मंगळवारी जाते. माझ्या गाडीचा आवाज तिला ओळखू येतो. मंगळवार बुडला की ती संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत असते, असं तिच्या आजीनं मला सांगितलंय. तिला काय सांगून मी गटसाधन केंद्रातल्या खुर्चीवर बसू?

सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात केंद्र सरकारला विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं, आणि 2022 मध्ये सरकारनं ते ठरवलं: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे 15 मागे एक. मार्च 2025 मध्ये त्याच न्यायालयानं राज्यांना मंजूर पदं जाहीर करायला सांगितलं. आपल्या राज्यानं 2024 मध्ये प्रत्येक केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे विशेष शिक्षकांच्या 4860 पदांचा निर्णय घेतला, आणि वर्षानुवर्षं कंत्राटावर काढलेल्या आमच्यासारख्यांना त्याचा किती आधार वाटला हे मी मोकळेपणानं सांगते. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणी झोपलं नव्हतं. पण केंद्राला एक आणि दहा मुलांना एक यांत अंतर आहे, आणि माझ्या 27 मुलांत ते अंतर रोज दिसतं. त्या एकातूनच समन्वयकही काढायचा असेल तर ते आणखी वाढेल.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात कलम 17 आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, त्यांच्या गरजा काय आहेत आणि त्या कितपत भागताहेत ते बघा, असं ते सांगतं. 'कितपत भागताहेत' हे बघायला रकाने पुरत नाहीत. वर्गात जाऊन बसावं लागतं. म्हणून माझं पहिलं मागणं हेच आहे की तालुका समन्वयकाचे आठवड्यातले दोन पूर्ण दिवस शाळांसाठी राखून ठेवावेत, आणि त्या दोन दिवसांत कुणीही तिच्याकडे कुठलीही माहिती मागू नये, असं शासनानं लेखी कळवावं. तोंडी आश्वासन मला गटसाधन केंद्रातही मिळालं आहे. ते देणारे साहेब सज्जन आहेत, पण वरून तातडीचा निरोप आला की त्यांचाही नाइलाज होतो.

अधिकाराचं म्हणाल तर मला कुणावर हुकूम चालवायचा नाही. समन्वयकानं एखाद्या मुलाबद्दल लेखी सूचना दिली तर पंधरा दिवसांत शाळेनं तिला लेखी उत्तर द्यावं, जमलं नाही तर का जमलं नाही ते लिहावं, एवढंच. अडचण लिहिली गेली तर पुढे ती सोडवता येते. त्या मुख्याध्यापकांनी 'फाटकाला कडी नाही' असं आधीच लिहिलं असतं आणि ते कुणी वाचलं असतं, तर त्या आईला रात्री फोन करावा लागला नसता.

आणि थोडे पैसे. समग्र शिक्षा योजनेत एका दिव्यांग मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत तरतूद धरलेली आहे. त्यातला लहानसा वाटा तालुक्यावर, समन्वयकाच्या सहीनं, वेळच्या वेळी खर्चता यावा. श्रवणयंत्राचे सेल, खुर्चीचा पट्टा, जाड पेन्सिल, फाटकाची कडी. सेल संपल्यापासून नवे येईपर्यंत ते मूल वर्गात बसतं पण काही ऐकत नाही, आणि हजेरीवर ते उपस्थित असतं.

सोमवारी मी काय करणार ते सांगते. होकार देणार आहे, पण एका अटीवर. माझ्या 27 मुलांकडे जाणारं माणूस आधी नेमावं. तो किंवा ती रुजू झाल्यावर महिनाभर आम्ही बरोबर फिरू, मंगळवारच्या घरीही बरोबर जाऊ, आणि मग मी समन्वयाचा पदभार घेईन. दोन दिवस, लेखी उत्तर आणि पैसे यांसाठी मी थांबायला तयार आहे. काम सुरू करून त्यासाठी मागे लागेन. पण माणूस आधी हवं. यावर तडजोड करायची नाही असं मी ठरवलंय, आणि यजमान आणि मुलगी या एका गोष्टीवर एकमत आहेत.

ताईंची वही सध्या माझ्याकडे आहे. परवा मी त्या कान झाकणाऱ्या मुलीच्या शाळेत जाऊन आले. नवे गुरुजी आलेत, त्यांना व्हरांड्याचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं आणि वहीत पाचवी तारीख घातली. अट मान्य झाली तर वही माझ्याकडे राहील. नाही झाली तर मी ती ताईंना परत देईन आणि मंगळवारी नेहमीसारखी माझ्या वाटेला लागेन.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका