आकाशाच्या नकाशात ताऱ्यांची घडणही यावी

संपादक महोदय,

आपल्या दैनिकात दर महिन्याला येणारा आकाशाचा नकाशा आमच्या घरी आवर्जून कापून ठेवला जातो. जानेवारीच्या नकाशात रोहिणीचे नाव ठळक होते, पण शेजारच्या ‘रोहिणी शकट’ (हायडीज) या तारकागुच्छावर एक ओळही नव्हती. ठाणेकरांसाठी तरी ती हवी होती. या शकटातला ‘ऐन’ हा तारा ठाण्याच्या बरोबर डोक्यावरून जातो. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) १९.२ अंश उत्तर, आपला अक्षांशही तेवढाच! जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेनवाच्या सुमारास घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही गच्चीतून मान मागे टाकून पाहावे. दिव्यांच्या उजेडात बायनॉक्युलर मात्र लागेल.

रोहिणी स्वतः त्या गुच्छातली नव्हे. ती ६५ प्रकाशवर्षांवर, गुच्छ दीडशेच्या आसपास. ऐन मात्र गुच्छातला, आणि तिथल्या चार राक्षसी ताऱ्यांपैकी एक. (२००७ साली त्याच्याभोवती ग्रहही सापडला.)

ही सगळी भावंडे सुमारे ६५ कोटी वर्षांपूर्वी एकाच मेघातून जन्मली, म्हणजे सुरुवातीचे द्रव्य सारखेच. कमी वजनाची अजून गाभ्यातला हायड्रोजन जाळताहेत. वजनदार चौघांचा तो संपला आणि ती फुगली. फुगताना बाहेरचा थर खोलवर ढवळला जातो, आतले प्रक्रिया झालेले द्रव्य वर येते. ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात कार्बन घटलेला, नायट्रोजन वाढलेला दिसतो. कार्बनचे अणूही दोन वजनांचे: हलका कार्बन-१२ आणि किंचित जड कार्बन-१३. सूर्यात एका कार्बन-१३ अणूमागे कार्बन-१२ चे जवळपास नव्वद अणू असतात. अशा राक्षसी ताऱ्यांत वीस-पंचवीसच उरतात. एकट्या ताऱ्यात जन्मजात काय आणि पुढे घडलेले काय, हे वेगळे काढणे अवघड. गुच्छात भावंडांशी ताडून पाहता येते. मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

गोलाकार गुच्छांत (ताऱ्यांच्या जुन्या, दाट गोळ्यांत) मात्र हे गणित बिघडते. तिथे काही ताऱ्यांत सोडियम जास्त आणि ऑक्सिजन कमी आढळतो, आणि तेही न फुगलेल्या लहान ताऱ्यांतसुद्धा! म्हणजे निव्वळ आतल्या ढवळणीने ते झालेले नाही. नेमके कशाने, यावर अजून एकमत नाही. शाळकरी मुलांपर्यंत असे न सुटलेले प्रश्न पोहोचायलाच हवेत.

ओमेगा सेंटॉरी हा असाच प्रचंड गुच्छ. मे महिन्यात रात्री तो आपल्या दक्षिण क्षितिजावर जेमतेम २३ अंश चढतो. वांगणीसारख्या अंधाऱ्या ठिकाणाहून तो पाहता येईल. मेच्या नकाशात त्याची जागा दाखवावी आणि शेजारी त्यातल्या राक्षसी ताऱ्यांच्या घडणीवर चार ओळी द्याव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक, कासारवडवली, ठाणे (पश्चिम)