प्लॅबची तयारी होते, अर्जाची राहून जाते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एमबीबीएसचा निकाल लागला की 'प्लॅब'च्या क्लासच्या जाहिराती सुरू होतात आणि घरोघरी हिशेब मांडला जातो: दोन परीक्षा दिल्या की इंग्लंडमध्ये नोकरी. काही वर्षांपूर्वी हा हिशेब बऱ्यापैकी जुळायचा. आता जुळत नाही, आणि त्याची झळ कर्ज काढून जाणाऱ्या मुलांना बसते आहे. म्हणून हे पत्र जरा सविस्तर.

प्लॅब ही तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीची परीक्षा आहे. तिने परवाना मिळतो. नोकरीसाठी रुग्णालयांच्या एकेका जागेवर वेगळा अर्ज करावा लागतो. पहिला भाग १८० प्रश्नांचा, ३ तासांचा. तो भारतात देता येतो. दुसरा फक्त मँचेस्टरला होतो: रुग्ण तपासण्या-समजावण्याचे १६ प्रसंग, प्रत्येकी ८ मिनिटे. त्याची फीच सुमारे हजार पौंड आहे. विमान, व्हिसा, राहणे निराळे. त्याआधी इंग्रजी: आयईएलटीएस अकॅडेमिकमध्ये एकूण ७.५ आणि चारही विभागांत किमान ७, तेही एकाच बैठकीत. किंवा ओईटी या आरोग्य क्षेत्रासाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या चारही विभागांत बी. हा निकाल २ वर्षेच चालतो. पहिला भाग पास झाल्यावर २ वर्षांत दुसरा, आणि दुसऱ्यानंतर २ वर्षांत नोंदणी पूर्ण व्हावी लागते. इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच घाईने आयईएलटीएस उरकणाऱ्यांना ती पुन्हा द्यावी लागू शकते.

कागदपत्रांत आपल्या मुलांचे घोडे हमखास अडते ते नावापाशी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. पदवीवर एखादे अक्षर इकडचे तिकडे, आणि लग्न झालेल्या मुलींच्या वैद्यक परिषदेच्या नोंदीवर माहेरचे नाव. पदवीची पडताळणी 'एपिक' या ऑनलाइन यंत्रणेतून थेट विद्यापीठाकडे जाते. तिथे नाव जुळले नाही तर प्रकरण आठवडेच्या आठवडे पडून राहते. पासपोर्ट, पदवी आणि नोंदणी ही तिन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर तपासा, आणि दुरुस्ती इंटर्नशिपमध्येच करून घ्या. पडताळणी अंतिम पदवीपत्राची होते. दीक्षांत समारंभाची वाट पाहण्याचा वेळ त्यात धरा. वैद्यक परिषदेकडून मिळणारे 'गुड स्टँडिंग' (डॉक्टरवर कारवाई नसल्याचे) प्रमाणपत्र ३ महिन्यांहून जुने चालत नाही, म्हणून ते सर्वांत शेवटी काढायचे.

आता नोकरी. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या (एनएचएस) जागा 'एनएचएस जॉब्ज' आणि 'ट्रॅक' या संकेतस्थळांवर निघतात. क्लिनिकल फेलो, ट्रस्ट ग्रेड, एसएचओ अशी या कनिष्ठ डॉक्टरांच्या जागांची नावे. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तिकडे बदल्या होतात, त्यामुळे त्याआधीचे दोन-तीन महिने महत्त्वाचे. पुरेसे अर्ज आले की जाहिरात मुदतीआधीच, कधी कधी दोन दिवसांतही बंद होते. अर्ज आधीच लिहून ठेवलेला हवा.

प्रत्येक जागेसोबत 'पर्सन स्पेसिफिकेशन' असते: कोणत्या गोष्टी अत्यावश्यक, कोणत्या असल्यास बऱ्या. निवडणारे त्या यादीवर गुण देतात. आपली मुले 'सपोर्टिंग इन्फर्मेशन'मध्ये "मी मेहनती आहे, शिकण्याची आवड आहे" असे लिहितात. त्याला गुण कशाचे द्यायचे? यादीतला एकेक मुद्दा घ्या आणि त्याखाली पुरावा लिहा: किती खाटांच्या वॉर्डात किती महिने, रात्रपाळीत किती रुग्णांची जबाबदारी, कोणत्या प्रक्रिया स्वतः केल्या, एएलएस (हृदय बंद पडल्यास करायच्या उपचारांचा) कोर्स कधी झाला.

सर्वांत जास्त अर्ज लंगडे पडतात ते ऑडिटवर. ऑडिट म्हणजे आपल्याच कामाची मोजून केलेली तपासणी, मोठे संशोधन नव्हे. आपल्या वॉर्डातले सलग ४० केसपेपर घ्या. अँटिबायोटिक कशासाठी सुरू केले आणि कधी थांबवायचे, हे किती कागदांवर लिहिले आहे ते मोजा. आकडा युनिटच्या बैठकीत मांडा, औषधाच्या कागदावर 'थांबवण्याची तारीख' असा शिक्का मारायला सुरुवात करा, आणि महिन्याने पुन्हा ४० कागद मोजा. ही दुसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि तिकडे गुण तिलाच आहेत. सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्यांना वर्षभराची बंधपत्रित सेवा करायचीच असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा हे काम वहीपेनावर होते.

मुलाखती आता बहुतेक ऑनलाइन होतात. म्हणून दुसरा भाग देऊन तिकडेच खोली भाड्याने घेऊन वाट पाहू नका. भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि तिथल्या तिथे तो कामाच्या व्हिसात बदलूनही मिळत नाही. नोकरी लागली तरी परत येऊन भारतातून अर्ज करावा लागतो; त्यासाठी रुग्णालयाचे प्रायोजकत्व, क्षयरोग तपासणी आणि पोलिसांचा दाखला लागतो. इथे नोकरी चालू ठेवून नागपूर-लातूरहून अर्ज केले तर पैसे वाचतात आणि कामात खंडही पडत नाही. पैसे भरून मिळणाऱ्या 'क्लिनिकल अटॅचमेंट'चेही तसेच: ते निव्वळ निरीक्षण आहे, अनुभव म्हणून धरले जात नाही.

मुलाखतीत निदान ओळखण्याची घाई नडते. रक्तदाब घसरलेला, ताप असलेला रुग्ण दिला की उत्तर आधी श्वसनमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण अशा क्रमाने यायला हवे, आणि वरिष्ठांना कोणत्या क्षणी बोलावणार हे स्पष्ट सांगायला हवे. आपल्याकडे वरिष्ठांना रात्री उठवणे कमीपणाचे वाटते. तिकडे न उठवणे धोक्याचे मानतात.

पुढच्या विशेषज्ञ प्रशिक्षणाबाबत भ्रमात राहू नये. २०२५ मध्ये सुमारे १० हजार जागांसाठी ३० हजारांवर डॉक्टर स्पर्धेत होते, आणि त्याच वर्षी जुलैत आलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात तिथल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचे धोरण मांडले गेले. ज्यांचे इथे एमडी-एमएस होणार आहे त्यांनी प्लॅबऐवजी एमआरसीपी किंवा एमआरसीएस या तिथल्या रॉयल कॉलेजांच्या पदव्युत्तर परीक्षांचा विचार करावा. त्यावरही नोंदणी मिळते. जास्तीत जास्त २ वर्षांची 'मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह' ही शिकून परत येण्याची वाटही चांगली आहे.

एक विनंती आपल्या महाविद्यालयांना. तिकडची रुग्णालये मागच्या ३ वर्षांच्या कामाची खातरजमा करतात आणि शिफारस संस्थेच्या ईमेलवरूनच मागतात. आपल्या अनेक प्राध्यापकांकडे जीमेलच असते, आणि तेवढ्यावरून लागलेली नोकरी रखडते. प्रत्येक विभागप्रमुखाला संस्थेचा ईमेल आणि प्रत्येक इंटर्नला विभागवार तारखांचे इंग्रजी प्रमाणपत्र एवढे जरी महाविद्यालयांनी दिले, तरी मुलांचे कित्येक महिने वाचतील.

आपली विश्वासू,
एक वाचक डॉक्टर