बावट्याचा नंबर सांगा

मुंबई,
3 जून 2024

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इथे सगळं बरं आहे. (हे वाक्य किती खरं मानायचं ते पुढचं वाचून ठरवा.) मध्य रेल्वेचा 63 तासांचा मेगाब्लॉक काल दुपारी संपला. तीन दिवस घरातच होते, तेव्हा फोनवर जे कधीच बोलून होत नाही ते लिहायला घेतलं.

आधी भांडण उरकते. बाबा, परवा तुम्ही शिडी लावून कौलं चाळायला वर चढलात, हे मला शेजारच्या काकांकडून कळलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! आणि आई, तू खाली शिडी धरून उभी होतीस. त्याच संध्याकाळी मला फोनवर काय म्हणालीस? "काही विशेष नाही गं, आंबे पिकत घातलेत."

आज 3 जून. चार वर्षं झाली. निसर्ग वादळ मुंबईवर येणार म्हणून आम्ही इथे खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होतो, बादल्या भरून ठेवत होतो. तुम्ही मला फोनवर सूचना देत होतात, मेणबत्त्या आहेत का, गॅलरीतल्या कुंड्या आत घेतल्यास का. बाराच्या सुमाराला आई म्हणाली, "पोफळी बघ कशा झोपतायत," आणि फोन तुटला. दुपारी टीव्हीवर पट्टी आली: मुंबई वाचली. आमच्या बिल्डिंगीत लोकांनी देवाचे आभार मानले, कोणी तरी भजी तळली. मला तो घास गिळेना. मुंबई वाचली, कारण वादळ अलिबागच्या खाली वळलं. म्हणजे तुमच्यावर.

पाच दिवस तुमचा आवाज नाही. टाळेबंदी, जिल्हा ओलांडायला ई-पास. लहानपणी बाबा मला बंदरावर नेऊन वादळाच्या इशाऱ्याच्या बावट्यांचे नंबर पाठ करून घ्यायचे, ते त्या दिवसांत सारखे आठवायचे. एक नंबर, वादळ लांब समुद्रात. तीन नंबर, बंदरावर सोसाट्याचा वारा येणार. दहा नंबर, मोठा धोका. त्याच्याही वर अकरा नंबर आहे हे कळल्यावर मी विचारलं होतं, दहाच्या वर आणखी काय असणार? तुम्ही म्हणालात, "अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्कच तुटला." तेव्हा मला ते फुसकं वाटलं होतं. त्या पाच दिवसांत नाही वाटलं.

सहाव्या दिवशी खिंडीत जाऊन तुम्ही फोन लावलात. "आम्ही बरे आहोत. थोडी झाडं पडली."

थोडी! पास मिळवून मी आले तेव्हा 340 पोफळींतल्या जेमतेम 40 उभ्या होत्या. पडलेल्याही सरळ नव्हत्या, एकीने दुसरीला घेऊन, दुसरीने तिसरीला. बऱ्याचशा मध्येच काडीसारख्या मोडलेल्या. घरावर कौल नाही, वाशांमधून आभाळ. आई पडवीत बसून हिरव्या सुपाऱ्या वेगळ्या करत होती, त्यांना कोण विचारणार होतं देव जाणे. मागच्या दारात गेले आणि थबकलेच. समुद्र दिसत होता. जन्मापासून त्या दारातून मी समुद्र फक्त ऐकला होता.

वीज यायला महिना गेला. बागांना हेक्टरी 50 हजार जाहीर झाले, तेव्हा बाबांनी जुन्या वहीच्या मागे हिशोब केला: आपले 20 गुंठे, म्हणजे 10 हजार. तुम्ही तो आकडा मला हसत हसत सांगितलात, तेव्हा मला पहिल्यांदा तुमची भीती वाटली. पोफळ लावल्यावर सुपारी धरायलाच सहा-सात वर्षं. आणि सत्तरीतला माणूस दुसऱ्या आठवड्यात रोपं आणायला निघतो! नुसती रोपंही नाहीत, आधी केळी, कारण माडांची सावली गेली आणि कोवळ्या पोफळीला ऊन लागलं की खोड भाजतं. सुपारी काढायला येणारा दादा म्हणाला होता, "आता झोका घेऊन एकीवरून दुसरीवर जायचं म्हटलं तर दुसरी आहे कुठे?" मला त्याचं ते वाक्य अजून सतावतं. तुमचं म्हणणं, त्याला काय झालंय, तो रिक्षा चालवतो.

तेव्हापासून मी तुमच्यामागे लागले, वाडी विका, मुंबईला या, इथे निदान डोक्यावर स्लॅब आहे.

आता माझी पाळी. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं. ते नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ पालीच्या जातीतला एक प्राणी. आई लगेच म्हणाली होती, "पाल चुकचुकली म्हणजे अर्धं काम झालं." ते जमिनीला लागलं गुजरातेत, मुंबईजवळून नुसतं समुद्रातून गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटर मोजला गेला. मी तुम्हाला सांगितलं, जरा वारा आहे. खरं असं की बेडरूमची खिडकी चौकटीसकट आत आली. तुमची नात पाच मिनिटं आधी तिथे झोपली होती वगैरे काही नाही, ती स्वयंपाकघरात बिस्किटं खात होती. पण तुमच्या जावयांनी आणि मी दीड तास गादी उभी करून त्या भोकाला पाठ लावली. बाहेर आवारातला पर्जन्यवृक्ष मुळासकट उपटून दोन गाड्यांवर आडवा झाला. फुटपाथचं काँक्रीट खोडापर्यंत आणून त्याची मुळं आवळली की झाड उभं कशावर राहणार?

आणि हे गेल्या महिन्यातलं, 13 मे. दुपारी चारच्या सुमाराला आई, तुझा फोन आला होता. मागे कसला गोंगाट म्हणून तू विचारलंस आणि मी म्हणाले, ऑफिसचं कँटीन. मी ऑफिसात नव्हते. ठाणे-मुलुंडच्या मध्ये खांब वाकून गाड्या थांबल्या होत्या आणि मी शंभर-दीडशे लोकांबरोबर रुळांवरून चालत होते. आभाळ पिवळं, दातांत धूळ, पुढे काही दिसेना. चप्पल एका हातात, तू दुसऱ्या हातात.

घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोलपंपावर होर्डिंग पडलं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंतच. 17 माणसं गेली. मला त्यातली मापं डोक्यातून जात नाहीत. परवानगी जास्तीत जास्त 40 बाय 40 फुटांना, आणि ते 120 बाय 120 होतं. आपलं घर, अंगण, विहीर सगळं त्याच्याखाली मावलं असतं. खाली पेट्रोल, त्यामुळे गॅसकटर चालवायची सोय नाही. रिक्षावाल्याला मी कितीदा सांगितलंय, त्या मोठ्या होर्डिंगनंतर वळा. कधी मान वर करून हे कशावर उभं आहे असा विचार केला नाही. पोफळ पडली तर वाऱ्याला तरी बोल लावता येतो. हे तर माणसांनी उभारलेलं आणि माणसांनीच उभं राहू दिलेलं.

तर मुंबईला या, इथे सुरक्षित आहे, हे मी यापुढे म्हणणार नाही. गुडघे दुखतात म्हणून या, नातीसाठी या, आंबे संपले म्हणून या. वादळाचं कारण मी मागे घेतलं.

पण कौलांचं मागे घेत नाही. उद्या लोकसभेची मतमोजणी आहे, म्हणजे बाबा टीव्हीसमोरून हलणार नाहीत, उद्याची चिंता नाही. बुधवार आणि गुरुवार आई, शिडी काकांच्या गोठ्यात टाकून ये. मी शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघते, जावई पण येतायत. कोने (आढ्यावरची कौलं) आणि फुटकी कौलं पडवीत वेगळी काढून ठेवा. खालून सूचना द्यायचं काम बाबांचं, हवा तेवढा आरडाओरडा करा.

आणि फोनवर "सगळं बरं आहे" हे दोन्हीकडून बंद. त्याऐवजी बावट्याचा नंबर सांगायचा. परवा शिडीवर होतात तो माझ्या हिशोबाने सात. मी रुळांवर होते तो पाच धरा, फार तर सहा. काकांच्या घरी एक फोन नेहमी चार्ज करून ठेवायला मी सांगितलंय, म्हणजे अकरा कोणालाच लावावा लागणार नाही.

आज रात्री फोन करते. उचलल्या उचलल्या आधी नंबर, मग आंब्यांचं.

तुमची,
ताई