सिस्टरच्या पर्समधून चालणारं उपकेंद्र

संपादक महोदय,
माझी सून इंदूरजवळच्या एका गावात सरकारी आरोग्य उपकेंद्रावर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आहे, बीएस्सी नर्सिंग झालेली. मैदानी भागात 5000 लोकांमागे एक उपकेंद्र, तिथे डॉक्टर नसतो, शुगर-बीपी, लसीकरण, औषधांचा स्टॉक, पोर्टलवरची एन्ट्री सगळं सिस्टरच बघतात. किरकोळ खर्चासाठी सरकारचा अनटाइड फंड असतो पण तो उशिरा आला की बीपी मशीनचे सेल, फिनाइल, झाडूवालीचे पैसे ही स्वतःच्या पर्समधून देते, परवा तर रात्री साडेदहाला ताट बाजूला सारून रजिस्टरमध्ये बिलं चिकटवत बसली होती, एक बिल सापडेना तर ते पैसे गेलेच समजा. फार जीव तुटतो हो. फंड एप्रिलमध्येच द्या, आणि महिन्यातून दोन दिवस तरी हिशोबाला अकाउंटंट पाठवा.
– एक सासू, रामबाग, इंदूर