डॅशहंड कुत्रीच्या मणक्यावरील शस्त्रक्रियेचा विमा दावा नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पाळीव प्राणी विमा विभाग

महोदय,

आमची सहा वर्षांची डॅशहंड कुत्री चिंगी हिच्या शस्त्रक्रियेचा दावा आपण ‘जन्मजात दोष’ एवढ्या दोन शब्दांत नाकारला आहे. हा निर्णय मला मान्य नाही.

१८ जूनच्या सकाळी चिंगीचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले. पाठ हलू नये म्हणून तिला फळीवर झोपवून आम्ही कोथरूडहून रिक्षाने दवाखाना गाठला. एमआरआयमध्ये मणक्यांमधील चकती सरकून मज्जारज्जूवर दाब आल्याचे दिसले. पायांतील वेदनेची जाणीव अजून शाबूत होती. ती गेल्यावर शस्त्रक्रिया केली तर कुत्रा पुन्हा चालण्याची शक्यता बरीच घटते, असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे विचाराला वेळच नव्हता. एमआरआयचे १९,५००, शस्त्रक्रियेचे ८५,००० आणि चार दिवस दाखल ठेवल्याचे १२,००० असे १,१६,५०० रुपये मी मुदत ठेव मोडून भरले. फिजिओथेरपीचा खर्च वेगळा आहे. तो पॉलिसीत बसत नसल्याने मी मागत नाही.

डॅशहंडच्या आखूड पायांशी निगडित असलेल्या जनुकीय बदलामुळे त्यांच्या चकत्यांमधला मऊ गर लहान वयातच कोरडा आणि कठीण होऊ लागतो, हे खरे आहे. परंतु ही प्रवृत्ती म्हणजे आजार नव्हे, कारण प्रत्येक डॅशहंडची चकती सरकत नाही. चिंगी जन्मतः धडधाकट होती आणि पॉलिसी घेताना आपणच मागितलेल्या पशुवैद्यकीय प्रमाणपत्रातही तसे नमूद आहे. तिचे वजन आम्ही कधी वाढू दिले नाही, गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरला, दिवाणाला उतार लावून घेतला. प्रस्तावात जात स्पष्ट लिहिलेली असताना आपण तीन वर्षे हप्ते स्वीकारलेत. या जातीला ज्या आजाराचा सर्वाधिक धोका, तोच वगळायचा होता, तर ते विकताना सांगायला हवे होते. पॉलिसीत आनुवंशिक प्रवृत्तीचा उल्लेख कुठेही नाही, आणि संदिग्ध कलमाचा अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलेले आहे.

तरी दाव्याचा फेरविचार करून कमाल मर्यादेइतके १,००,००० रुपये मंजूर करावेत. नकार कायम ठेवायचा असल्यास कोणते कलम लावले आणि कोणत्या पशुवैद्यकाच्या मतावरून, हे लेखी कळवावे. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी पुण्यातील विमा लोकपाल कार्यालयाकडे तक्रार दाखल करेन. एमआरआय अहवाल, सर्व बिले आणि प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विमाधारक,
कोथरूड, पुणे