फूल, दोन पानं आणि आजीचं मत

मडगाव

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

काल फोनवर जो गोंधळ झाला त्यावर रात्री उशिरापर्यंत एकटीच हसत होते. मी सांगतेय 'प्रबंधाला पुरस्कार', बाबांना ऐकू आलं 'प्रबंध परत पाठवला', आणि आई मागून विचारतेय, आता पुन्हा फी किती भरायची? म्हणून सरळ पत्र लिहायला बसले. (बाबा, कानातलं यंत्र कपाटात ठेवून कपाटालाच ऐकू येतं, हेही लिहून ठेवते.)

फी भरायची नाही. धर्म आणि राजकारण यावर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या परिषदेने या वर्षीच्या प्रबंधांतून माझा निवडला. शाल, मानपत्र, थोडे पैसे आणि त्यांच्यापुढे अर्धा तास बोलायचं. पैशांतून आधी तुमच्या न्हाणीघराची फरशी बदलायची, त्यावर वाद नको.

बाबा, गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावरचा जनमत कौल हा माझा विषय कळल्यापासून तुमचं एकच पालुपद. जनमत कौलावर कसलं संशोधन, आम्ही जिवंत आहोत, आम्हाला विचार! विचारलं की. आणि तुमचं उत्तर तयारच असायचं: पाद्र्यांनी सांगितलं, तिकडच्या ख्रिस्तींनी केंद्रशासितच्या दोन पानांना मतं घातली, आपलं विलीनीकरणाचं फूल पडलं. १६ जानेवारी १९६७ ला तुम्ही एकोणीस वर्षांचे होता. मताला तेव्हा एकवीस पुरी लागत, म्हणून ती सगळी हौस तुम्ही भिंतींवर फुलं रंगवून भागवलीत.

पण दुकानाची वही चाळीस वर्षं तुम्ही लिहिलीत, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. विलीनीकरणाला मतं पडली १,३८,१७०. केंद्रशासित राहायला १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. त्या काळी गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास. सगळे हिंदू फुलामागे गेले असते तर फूल पडतं कसं? दोन पानांना पडलेली हजारो मतं आपल्याच लोकांची, सकाळी देवळात प्रदक्षिणा घालून मग केंद्रावर गेलेल्यांची आहेत. पाद्री त्यांना कुठे भेटले असतील?

पणजीत पाटोच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळत बसायचे तेव्हा मला सगळ्यांत गंमत वाटायची ती 'राष्ट्रमत'ची. विलीनीकरणाच्या विरोधात सगळ्यांत तिखट लिहिणारं हे दैनिक मडगावातून निघायचं, आणि तेही मराठीत. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' त्यातच. महाराष्ट्रात जायचं नाही, हे मराठीत पटवून दिलं जात होतं. आणि आपण तरी काय करतो? घरात कोंकणी बोलतो, आरत्या मराठीत म्हणतो, आणि हे पत्र मराठीतच लिहितेय. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारलं, तुमची मातृभाषा कोणती? उत्तराला दहा मिनिटं लागली.

पुढची गोष्ट तुम्हाला आवडेल. कौल फुलाच्या विरोधात गेला, आणि त्याच लोकांनी मार्चमध्ये विलीनीकरण मागणाऱ्या भाऊसाहेब बांदोडकरांनाच परत मुख्यमंत्री म्हणून निवडून दिलं. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत. नुसता धर्म धरून बसलं तर हे कोडं सुटत नाही. भाटकार म्हणजे जमीनमालक आणि त्यांच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार, १९६४ चा कूळ कायदा, गावोगावी निघालेल्या मराठी शाळा हे सगळं मधे घ्यावं लागतं. आजोबांच्या फुलात महाराष्ट्र किती होता आणि भाटकाराच्या अंगणात पुन्हा हात जोडून उभं राहायला नको ही इच्छा किती, ते मला शेवटपर्यंत वेगळं करता आलं नाही. तसंच लिहून दिलं.

सासष्टी तालुक्यातल्या ख्रिस्ती गावांत फिरताना माझं आडनाव ऐकलं की माणसं जरा सावरून बसायची. आपल्या फोंड्यात, मी सासष्टीत कोणाकोणाकडे जेवले याची चौकशी व्हायची. दोन्हीकडे मी थोडी संशयितच. लोटलीच्या एका म्हाताऱ्या बाईने मात्र मी बांदिवड्याची कळताच पेजेची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "रामनाथ आमचो. तुमगेर रावता फकत." पोर्तुगीजांच्या भीतीने देव लोटलीहून आपल्या बांदिवड्याला हलवला त्याला साडेचारशे वर्षं झाली, पण बाईच्या बोलण्यात तो जणू पावसाळ्यापुरता पाहुणा गेला होता.

आता आजीबद्दल. प्रबंधात तिचं नाव नाही, मुलाखत दिलेल्या कोणाचंच देत नाहीत. 'स्त्री, वय ८८, फोंडा तालुका' एवढंच आहे. मी विचारलं होतं, आजी, मत कोणाला घातलंस? तर म्हणाली, "तुज्या आज्याक सांगलें ना, तुका कित्याक सांगूं?" आणि उठून तुळशीला पाणी घालायला गेली. अशा न सांगणाऱ्या बायका मला बऱ्याच भेटल्या. आधी वाटलं, मुलाखती वाया गेल्या. मग त्यांच्यावरच एक प्रकरण लिहिलं: नवऱ्याने, देवळाने, चर्चने, भाटकाराने काहीही सांगितलेलं असो, पडद्यामागे ज्या एकट्या होत्या त्यांच्यावर. मानपत्रात त्याच प्रकरणाचा उल्लेख आहे.

तुम्ही म्हणणार, आईने फुलालाच घातलं, मला माहीत आहे. असेलही. केंद्राच्या दारापर्यंत तुम्हीच तिला सोडायला गेला होता. आत मात्र ती एकटी गेली होती, बाबा.

कार्यक्रम पणजीत आहे, येत्या रविवारी. सकाळी आठला गाडी घेऊन येते. आई, तू ती निळी नेस आणि बाबांना साडेसहापासूनच टोपी शोधायला लाव. यंत्र कानात घालूनच गाडीत बसवायचं. अर्धा तास मी बोलणार आहे, आणि मधे उठून माझं काही खोडून काढायचं असेल तर निदान मी काय म्हणाले ते आधी ऐकलेलं असू दे.

तुमची,
बाय